शरयूकाकूंची कढई

रविवारी दुपारी शरयूकाकूंनी दार उघडलं, की ‘या’ म्हणायच्या आधी त्या ‘कोट वर’ म्हणायच्या. पाहुणा कितीही मोठा असो, त्याने आधी जिना चढायचा, मागच्या बेडरूममधल्या पलंगावर कोट ठेवायचा, दार घट्ट लावून घ्यायचं, दाराखालच्या फटीत तिथेच ठेवलेला टॉवेल सारायचा आणि मगच खाली यायचं. भूलतज्ज्ञ म्हणून उभी हयात ऑपरेशन थिएटरात काढलेल्या बाईंना शिस्तीचं वेड असणारच; पण ही शिस्त थिएटरची नव्हती, कांदाभज्यांची होती. तळणीचा वास लोकरीत शिरला की तो ड्राय क्लीनरच्या बापाच्यानेही निघत नाही, हे इंग्लंडात आलेल्या प्रत्येक मराठी घराला कधी ना कधी कळतं. काकूंना ते फार लवकर कळलं. नव्या नोकरीतल्या एका सोमवारी सकाळी त्या डॉक्टरांच्या खोलीत शिरल्या आणि एका सहकाऱ्याने काही न बोलता उठून खिडकी उघडली. बाहेर बर्फ पडत होता. हे सांगून त्या म्हणायच्या, “त्या दिवशी ठरवलं, भजी सोडायची नाहीत. कोट सोडायचा.”

लंडनच्या पिनर उपनगरात त्यांचं आणि आमचं घर एका भिंतीने जोडलेलं होतं. मी आणि माझा नवरा अमोल नागपूरहून वर्क व्हिसावर आलो, हे घर भाड्याने घेतलं, आणि पहिल्याच रविवारी भिंतीपलीकडून ओवा घातलेला कांदा तळल्याचा वास आला. खोकी अर्धवट उघडी, गॅसची जोडणी व्हायची होती, दोन दिवस आम्ही सँडविचवर काढलेले. अमोल म्हणाला, “असं कुणाकडे जाणं बरं दिसत नाही.” बरं काय दिसतं याचा विचार मला नेहमी पोट भरल्यावर सुचतो, म्हणून मी गेले. दारात एक बुटक्या, काटक, पांढऱ्या बॉबकटच्या बाई उभ्या. कार्डिगनच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, चष्मा साखळीला लटकलेला, हातात झारा. मी नाव सांगितलं, शेजारी राहायला आलोय म्हटलं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

“वास आला म्हणून आलीस?”

मी हो म्हटलं.

“खरं बोललीस. नवऱ्यालाही बोलाव. कोट वर.”

तेव्हापासून आमचे रविवार त्यांच्या स्वयंपाकघरात गेले.

त्यांचं पूर्ण नाव डॉ. शरयू टेंबे. नवरा-बायको दोघेही पुण्याहून डॉक्टर होऊन आले, दोघांनी तिथल्या हॉस्पिटलांत नोकऱ्या केल्या आणि निवृत्त झाले. यजमानांना जाऊन काही वर्षं झालेली. काकू ऐंशीला टेकलेल्या, एकट्या राहायच्या, आणि एकटं राहणं त्यांना झकास जमायचं. कौतुक करायची त्यांची रीत एकच होती, ‘चालेल’ म्हणायचं. माझ्या पुरणपोळीला चालेल, अमोलच्या प्रमोशनला चालेल, इंग्लंडमधल्या उन्हाळ्यातल्या सगळ्यात सुंदर दिवसालाही चालेलच. कुठलंही काम करताना त्या ते मोठ्याने बोलून करायच्या. “गॅस लावला. तेल ठेवलं. खिडकी उघडी. दार बंद.” थिएटरमध्ये सगळं बोलून तपासायची सवय होती, ती काही गेली नाही. आपण मध्येच काही बोललो तर पहिल्यापासून सुरू करायच्या, त्यामुळे तेव्हा सगळे गप्प राहायचे.

फक्त एक गोष्ट बोलूनही त्यांच्या ताब्यात राहत नव्हती. त्यांचा उजवा हात कापायचा. चहाचा कप बशीवर वाजायचा, किल्ली कुलपाला सापडायला वेळ लागायचा. “पार्किन्सन्स नाही, वयाचा कंप आहे,” असं त्या स्वतःच्या हाताकडे दुसऱ्या कुणाच्या असावा तसं बघत सांगायच्या. आणि त्याच हाताने त्या उकळत्या तेलात भजी सोडायच्या.

इथे त्यांच्या मुलाला आणणं भाग आहे. निखिल इंग्लंडातच जन्मलेला, पन्नाशीकडे झुकलेला, मोठ्या अंगाचा, मवाळ आवाजाचा आणि मोडकंतोडकं मराठी बोलणारा माणूस. जवळच्या स्लाऊ गावात एका अवाढव्य गोदामात तो हेल्थ अँड सेफ्टी मॅनेजर होता. म्हणजे काय पेटेल, काय कोसळेल, कोण कुठे घसरेल हे आधीच ओळखायचा त्याला पगार मिळायचा. अशा माणसाच्या आईने या वयात, असल्या हाताने, एकटीच्या घरात तेलाने भरलेली लोखंडी कढई चढवावी, यात नशिबाचा निव्वळ खोडसाळपणा होता.

निखिलचं म्हणणं सरळ होतं. आईने हे घर विकावं आणि वृद्धांसाठी बांधलेल्या एखाद्या फ्लॅटमध्ये जावं, जिथे दोरी ओढली की मदतीला माणूस येतो. काकूंचं म्हणणं त्याहून सरळ होतं. “मला या घरातून आडवीच न्या. उभी मी जाणार नाही.” दोघांचाही आवाज कधी चढायचा नाही. पण दर रविवारी त्या स्वयंपाकघरात भज्यांच्या निमित्ताने एक खटला चालायचा, आणि काकूंचं घर राहणार की जाणार हाच त्याचा निकाल असायचा. आरोपी कढई होती.

काकूंची भजी म्हणजे खेकडा भजी. तिथल्या रेस्टॉरंटात ‘अनियन भाजी’ म्हणून जो गोळा देतात त्याला त्या क्रिकेटचा चेंडू म्हणायच्या, आणि पहिल्या ओव्हरनंतरच तो मऊ पडतो अशी पुस्ती जोडायच्या. त्यांची रीत ठरलेली होती. कांदे उभे आणि पातळ चिरायचे, मीठ लावून हाताने चोळायचे आणि विसरून जायचं. तिथला ब्राऊन कांदा पाणीदार असतो, त्याला भरपूर पाणी सुटतं. त्या पाण्यात मावेल तेवढंच बेसन, मूठभर तांदळाचं पीठ, तळहातावर चुरडलेला ओवा, तिखट, हळद, कोथिंबीर आणि वरून चमचाभर कडकडीत तेल. वरचं पाणी एक थेंबही नाही, सोडा तर नाहीच. अमोलने एकदा विचारलं, “काकू, थोडा सोडा घातला तर?”

“घाल की,” काकू म्हणाल्या. “तुझ्या घरी.”

मग त्या मूठभर मिश्रण उचलायच्या आणि हात तेलावर न्यायच्या. हात कापत असल्यामुळे कांद्याचे काप आपोआप विस्कटून पडायचे आणि भज्याला चहूबाजूंनी पाय फुटायचे. “स्थिर हाताने गोळे होतात,” त्या म्हणायच्या. “खेकड्याला माझाच हात लागतो.” आम्ही हसायचो. निखिल हसायचा नाही.

भज्यांबरोबर ‘बुडवण’ असायचं. हे नाव त्यांनीच ठेवलेलं. फडक्यात टांगून घट्ट केलेलं दही, कुंडीतला पुदिना, मीठ, साखर आणि तिथली पिवळी मोहरीची पूड गार पाण्यात कालवून, झणका चढेपर्यंत झाकून ठेवलेली. पहिल्या वर्षी हॉस्पिटलच्या क्वार्टर्समध्ये ना चिंच मिळायची, ना कोथिंबीर. कॅन्टीनमधल्या जेवणाबरोबर आलेली मोहरी नाकात गेली, डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यांना माहेरच्या काकडीच्या कोशिंबिरीतली फेसलेली मोहरी आठवली. “लोक समजले मला घरची आठवण आली,” त्या सांगायच्या. “आली होतीच. पण पाणी मोहरीचं होतं.”

निखिल दर रविवारी न चुकता यायचा, पण त्या स्वयंपाकघरात तो कधी बसला नाही. पाठ फ्रिजला लावून, हाताची घडी घालून, नजर तेलावर ठेवून उभा असायचा.

“आई, तेल फार गरम आहे. तो भजी जळतोय.”

“जळत नाहीत. लाल होतायत.”

“तू ऐकतच नाहीस. जस्ट वन स्पिल, ओके? एकदा सांडला ना, दॅट्स इट.”

“सांडू नये एवढंच ना? नाही सांडत.”

मग त्या झाऱ्यात भजी काढायच्या, निथळवायच्या आणि पहिली प्लेट त्याच्याच हातात द्यायच्या. तो उभ्यानेच खायचा. खाताना मात्र बोलायचा नाही, कारण भजी फार चांगली व्हायची आणि हे त्याच्या बाजूला सोयीचं नव्हतं.

एकदा निखिलने एक फ्लॅट शोधून काढला. जवळच होता, नवीकोरी इमारत, खाली बाग, सगळे रहिवासी साठीच्या पुढचे. बघायला बोलावलं त्या दिवशी त्याला सुट्टी मिळेना, म्हणून काकूंना फ्लॅट दाखवायला मी घेऊन जायचं ठरलं. काकू निमूटपणे तयार झाल्या तेव्हाच मला शंका यायला हवी होती. गाडीत बसताना त्यांच्या हातात मोठी कापडी पिशवी होती. आत काय आहे विचारलं तर म्हणाल्या, “सामान.”

तिथल्या मॅनेजर बाई फार गोड होत्या. त्यांनी बाग दाखवली, लिफ्ट दाखवली, बाथरूममधली लाल दोरी दाखवली आणि शेवटी छोटंसं पांढरंशुभ्र स्वयंपाकघर. काकूंनी इंग्रजीत विचारलं, की मी हे स्वयंपाकघर जरा वापरून बघू का? मॅनेजर बाईंना वाटलं, आजी नळ सोडून बघतील, कपाटं उघडतील. त्या म्हणाल्या, अगदी तुमचंच घर समजा. इतकं बोलून त्या फोन घ्यायला ऑफिसात गेल्या.

काकूंनी पिशवीतून माझंच सपाट बुडाचं पॅन काढलं. ते आदल्या आठवड्यात कशासाठी मागून नेलं होतं हे मला तेव्हा कळलं. लोखंडी कढई या सपाट शेगडीवर बसणार नाही, हे त्यांनी जाहिरातीतल्या फोटोवरून आधीच हेरलं होतं. मग तेलाची बाटली निघाली, मीठ लावलेला कांदा डब्यात, पीठ वेगळ्या डब्यात, आणि झाकण घट्ट लावलेलं बुडवण.

“काकू, हे काय करताय?”

“नवीन थिएटर मिळालं की पहिल्या पेशंटच्या आधी मी मशीन तपासायची. कुणी सांगितलं म्हणून विश्वास नाही ठेवला कधी.” त्यांनी शेगडी लावली. “तेल ठेवलं. पंखा लावला. खिडकी… खिडकी पूर्ण उघडत नाही. लक्षात घे मीनल.”

पहिला घाणा उत्तम झाला. दुसऱ्या घाण्याला काकूंनी मान वर करून शेगडीवरच्या पंख्याकडे बघितलं, त्याच्या तोंडाशी हात धरला आणि त्यांचा चेहरा उजळला. “हा हवा बाहेर टाकतच नाही. चाळणीतून फिरवून परत आपल्याच अंगावर सोडतो. हे बघायलाच तर आले होते.” आणि तेव्हाच अलार्म वाजला. तो एका फ्लॅटचा नव्हता, सगळ्या इमारतीचा होता.

काकूंनी शांतपणे शेगडी बंद केली, पॅनवर झाकण ठेवलं, भजी फॉइलमध्ये घेतली. नियमाप्रमाणे सगळे रहिवासी कार पार्कमध्ये जमले, कुणी काठी टेकत, कुणी गाऊनवर कोट चढवून. बोचरा वारा होता. आता काकू शरमेने कुठे तोंड लपवतील म्हणून मी शोधायला लागले, तर त्या रांगेने सगळ्यांना भजी वाटत होत्या आणि बुडवणात किती बुडवायचं हे दाखवत होत्या. बस चालवून निवृत्त झालेल्या एका उंच गृहस्थांनी तीन खाल्ली आणि विचारलं, ही बाई इथे राहायला कधी येणार आहे? मॅनेजर बाई तेवढ्या गोड राहिल्या नव्हत्या.

निखिल स्लाऊहून धावत आला तोपर्यंत सगळं निवळलं होतं. तो आईसमोर उभा राहिला.

“आई, तू फायर अलार्म वाजवलीस. बिल्डिंग इव्हॅक्युएट केलीस. मी हेल्थ अँड सेफ्टीमध्ये काम करतो.”

“म्हणून तर तुला सुट्टी मिळाली नाही ते बरं झालं म्हटलं.”

“हे फनी नाहीये.” त्याने खिशातला फोन काढून आईसमोर धरला. “मला फोन आला तेव्हा मला काय वाटला, तुला माहिती आहे? फोन वाजला की दर वेळी मला तेच वाटतं. दर वेळी.”

काकूंनी त्याच्याकडे नीट बघितलं. मला वाटतं, हा नुसता नियमांचा भोक्ता नाही, घाबरलेला मुलगा आहे, हे त्यांना तेव्हा पहिल्यांदा दिसलं. मलाही तेव्हाच दिसलं. त्याआधी मी त्याला मनातल्या मनात इन्स्पेक्टर म्हणायचे.

“ओके,” निखिल म्हणाला. “हा फ्लॅट नको, फाइन. पण प्रॉमिस कर. कढईने एकदा जरी काही झालं, वन्स, तू आर्ग्यू नाही करणार. पॅक करणार.”

“केलं प्रॉमिस,” काकू म्हणाल्या.

शरयूकाकूंचा शब्द म्हणजे शब्द. म्हणून त्या दिवसानंतर कढई चढली की मलाही निखिलसारखं उभं राहून बघावंसं वाटायला लागलं.

आणि ऑक्टोबरातल्या एका रविवारी ते झालंच. निखिल यायचा होता. अमोल नव्हता, मी कांदा चिरत होते. काकूंनी मूठ तेलावर नेली, आणि नेहमीचा बारीक कंप न येता हाताला एकदम मोठा हिसका बसला. मनगट कढईच्या काठावर आपटलं, कढई हलली, तेल उडालं. त्या ओरडल्या नाहीत. आधी डाव्या हाताने गॅस बंद केला, मग गार नळाखाली मनगट धरलं. “गॅस बंद. कढई स्थिर. भाजलंय, फार खोल नाही. घड्याळ लाव, पुरती वीस मिनिटं धरायचं असतं.”

मी घड्याळ लावलं. लाल चट्टा मनगटाच्या आतल्या बाजूला होता. मी म्हटलं, “काकू, बाही खाली घेतली तर दिसणारही नाही. निखिलला कशाला सांगायचं?”

“मला फोन दे.”

“नका ना. हे घर जाईल.”

“घर माझं आहे, तसा शब्दही माझाच आहे.” मग माझ्या तोंडाकडे बघून त्या जरा नरमल्या. नळ वाहत होता, आणि वीस मिनिटं दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. तेव्हा त्यांनी मला निवृत्तीची गोष्ट सांगितली, जी एवढ्या रविवारांत कधी निघाली नव्हती.

“एका लहान मुलाच्या हाताला सुई लावत होते. पहिल्याच फटक्यात लागली, मूल रडलंसुद्धा नाही. सर्जन, नर्स, कुणाच्या काही लक्षात आलं नाही. पण कातडीला टेकायच्या आधी सुईचं टोक हललेलं मी बघितलं होतं. त्या दिवसाची ऑपरेशनं पुरी केली, कपडे बदलले आणि आमच्या प्रमुखाला जाऊन सांगितलं, उद्यापासून मी थिएटरात येणार नाही. तो म्हणाला, तुमच्याबद्दल एक तक्रार नाही. मी म्हटलं, म्हणूनच आज आले. आपलं आपण आधी सांगितलं तर तो निर्णय असतो, मीनल. दुसऱ्याने पकडल्यावर सांगितलं तर ती कबुली होते.”

मी फोन लावून त्यांच्या कानाशी धरला. त्या म्हणाल्या, “निखिल, तेल उडालं. मनगटाला भाजलंय, किरकोळ आहे. गाडी हळू चालव.”

तो आला. बूटही न काढता आत आला, आईचा हात धरून उजेडात नेला, बघितला. मला वाटलं आता बोलेल, एवढ्या वर्षांचं सगळं बोलेल. तो एवढंच म्हणाला, “ओके. सो.”

“बॅग भरते,” काकू म्हणाल्या. “शब्द दिलाय, मोडणार नाही. पण आधी तू तुझं काम कर.”

“माझा काम?”

“गोदामात एखाद्याला भाजलं तर काय करतोस? गोदाम बंद करतोस?”

“नो. हॅझर्ड काय आहे ते बघतो. मग तो रिमूव्ह करतो.”

“मग इथे हॅझर्ड काय आहे ते बघ आणि मला सांग. मुलगा म्हणून नको सांगू.”

निखिलने शेगडी बघितली. कढई बघितली. उघडी खिडकी, बंद दार, पुसलेला ओटा, जागच्या जागी असलेलं सगळं बघितलं. त्याला त्याच्या कामातलं कळत होतं, आणि खोटं बोलणं त्याच्या स्वभावात नव्हतं. ते त्याने कुणाकडून घेतलं ते उघडच होतं. शेवटी तो फार हळू म्हणाला, “हात, आई. तुझी हात.”

“बरोबर. मग हात मी काढून घेते. यापुढे या घरात मी तळणार नाही. वरणभात, चहा, एवढं करीन.”

“आणि संडेला?”

“रविवारी तू तळायचंस. मी शिकवीन. नको असेल तर बॅग भरायला घेते. ठरव.”

नळ मघाशीच बंद केला होता, तरी मला तो वाहत असल्यासारखा वाटत होता. निखिलकडे आईचा शब्द होता. त्याने नुसतं ‘चल’ म्हटलं असतं, तर त्या जिना चढून कपाट उघडायला गेल्या असत्या, यात मला तिळमात्र शंका नाही. तो कढईपाशी गेला. मग शेगडीच्या बाजूच्या भिंतीवर हात ठेवून म्हणाला, “फायर ब्लँकेट इथे लावणार मी, आग लागला तर टाकायला. या वॉलवर.”

“लाव,” काकू म्हणाल्या.

ते घर राहिलं ते असं.

पुढच्या रविवारी निखिल गोदामातला सुरक्षेचा चष्मा, कोपरापर्यंतचे हातमोजे आणि तेलाचं तापमान मोजायची काडी घेऊन आला. काकूंनी एक खुर्ची ओढली आणि शेगडीकडे पाठ करून बसल्या. बघितलं की हात शिवशिवतात, म्हणून बघायचंच नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. त्या ऐकायच्या. भजं तेलात पडलं की कांद्यातलं पाणी तडतडतं, पाणी उडालं की तो आवाज बसतो, आणि नेमकं तेव्हा ‘काढ’ म्हणायचं असतं. निखिल तापमान वाचून दाखवायचा आणि त्या म्हणायच्या, “तो आकडा तुझ्या ऑफिसात दाखव.”

त्याची पहिली भजी अगदी रेस्टॉरंटची झाली, गोल आणि आत कच्ची. काकूंनी एक मोडून बघितलं आणि “चेंडू” एवढंच म्हणाल्या. दुसऱ्या रविवारी करपली, तिसऱ्या रविवारी त्याने घाबरून कांद्यात पाणी घातलं. चाळिशीच्या पुढच्या माणसाला स्वयंपाकघरात रुसलेलं मी पहिल्यांदा बघितलं. पण तो येत राहिला, आणि हळूहळू आई-मुलाचं भज्यांव्यतिरिक्तही बोलणं निघायला लागलं. यजमान कसे भजी मोजून खायचे, निखिल लहानपणी शाळेच्या डब्यात भजी न्यायला कसा नको म्हणायचा. तेव्हा का नको म्हणायचास, हे त्यांनी त्याला इतक्या वर्षांनी विचारलं. तो म्हणाला, “पोरं नाक धरायचे.” काकू म्हणाल्या, “मला सांगायचंस. मी आले की लोक खिडकी उघडायचे.”

हे सगळं त्यांना सोपं गेलं असं मात्र मी म्हणणार नाही. एका रविवारी निखिल गेल्यावर त्या धुतलेली कढई पुसत होत्या. पुसता पुसता थांबून म्हणाल्या, “जड जातं गं. पाठ करून बसते, पण बोटांना कळत असतं, आता कांदा सुटा करायला हवा.” मी त्यांच्या हातातून कढई घेतली नाही. ती त्यांनीच पुसून कपाटात ठेवली.

पुढच्या वसंतात काकू गेल्या. दुपारी जेवून वरच्या खोलीत पडल्या आणि उठल्या नाहीत. मी तोवर भारतात, कंपनीच्या पुण्याच्या ऑफिसात आले होते. निखिलने फोन केला, आणि आपल्या त्या मोडक्या मराठीत, एकही इंग्रजी शब्द न घालता सांगितलं, “आई घरीच गेली.” फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून मनसोक्त रडले.

पण मला त्या आठवतात त्या माझ्या तिथल्या शेवटच्या रविवारच्या. जानेवारी होता. भजी छान झाली होती, काकूंनी चार खाल्ली होती आणि ‘चालेल’ म्हणाल्या होत्या. मी सामान आवरायला घरी गेले, आणि तासाभराने माझ्याकडे असलेली त्यांच्या दाराची किल्ली परत द्यायला पुन्हा आले. हाक मारणार तोच काकूंनी हात वर करून मला थांबवलं.

बैठकीच्या खोलीत सोफ्यावर निखिल गाढ झोपला होता. अंगात एप्रन तसाच, एक पाय खाली लोंबकळलेला, तोंड किंचित उघडं. काकूंनी आपली खुर्ची त्याच्या डोक्याशी ओढून घेतली होती आणि त्या अगदी ताठ बसून त्याच्या छातीकडे बघत होत्या. ती वर जात होती, खाली येत होती. टीव्ही बंद होता, मांडीवर पुस्तक नव्हतं. झोपलेल्या माणसाच्या उशाशी बसून त्याच्या श्वासावर लक्ष ठेवणं, हेच तर त्यांनी आयुष्यभर केलं होतं. कापरा हात त्याच्या खांद्याजवळ गादीवर टेकलेला होता.

मी किल्ली टेबलावर ठेवली. काकू ओठ न हलवल्यासारखं, अगदी हळू म्हणाल्या, “बाबा गेल्यापासून या घरात डोळा लागला नव्हता त्याचा.”

मी मान हलवली आणि दार आवाज न करता ओढून घेतलं.